शिडाच्या होडीला झेंडूचा हार

प्रिय समाधान यास,
दाजीचा सप्रेम जयभीम.

तू, स्वप्ना आणि लेकरं सुखात असाल असं धरून चालतो. पुण्यात राहूनही सुखात नसाल तर त्याचा दोष आमच्याकडे पाठवू नका, इथे आधीच जागा नाही. आम्ही मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोन केला असता, पण तुझी ताई शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करते, आणि हा प्रकार तिने दुरुस्त केला तर त्यात सांगण्यासारखं काही उरायचं नाही.

तर, माझं बीपी उतरावं म्हणून तू मागच्या सुट्टीत दिलेली ती रिमोटवरची शिडाची होडी. काठावर उभं राहायचं, वारा बघायचा, डोकं शांत होतं, असं तू म्हणाला होतास. तुमच्या तिकडे होत असेल. आमच्या गेवराई तालुक्यात पाण्याच्या काठी उभा असलेला माणूस एक तर मोजणीला आलेला असतो, नाही तर वाळूच्या गाड्यांवर नजर ठेवणारा. (मला दोन्ही विचारून झालं. दुसरं जरा कॉलर धरून विचारलं.)

पहिला प्रयोग धुळाजीच्या शेततळ्यात केला. बांध इतके उंच की वारा आत उतरेना. होडी साहेबाच्या टेबलावरच्या अर्जासारखी एका जागी पडून. त्यात होडीच्या पोटाखालचं ते शिशाचं वजन लावलेलं पातं धुळाजीने बघितलं आणि ओरडला, "सर, तळ्याचा कागद फाटला तर तुमाला हितंच बुडवीन!" कागद म्हणजे तळ्यात अंथरलेलं प्लास्टिक. ते त्याला माझ्या बीपीपेक्षा प्रिय असणं साहजिक आहे. मग गावच्या पाझर तलावावर गेलो. तिथे वारा भेटला आणि विद्याही भेटली: वारा समोरून असला की होडी सरळ जात नाही. आधी एका अंगाला तिरपी न्यायची, मग वळवून दुसऱ्या अंगाला. (ज्याने उभी नोकरी खासगी संस्थेच्या कॉलेजात काढली, त्याला हे शिकवायला खोक्यात पुस्तिका कशाला घालतात?)

हे माझ्या आईच्या, भामाबाईच्या, कानावर गेलं आणि तिने हट्टच धरला. बहात्तरच्या दुष्काळात, नवी नवरी असताना, तिने या तलावाच्या भिंतीवर डोक्यावरून माती वाहिली आहे, हे तुला ठाऊक आहे. भिंतीवरच्या फलकावर नाव मात्र इथले पुढारी अमरसिंह यांच्या वडलांचं. (त्यांनी माती वाहिली नाही, पण फीत कापताना ऊन लई होतं म्हणतात.) आईचं म्हणणं एवढंच, की आपल्या घरची होडी या काठावरून निघून त्या भिंतीला टेकलेली एकदा डोळ्यांनी बघायची. भामाबाईने या तलावाकडे जन्मात पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

तिला घेऊन रविवारी गेलो, तर काठावर मांडव. जलपूजन! तलाव भरला तरी आपण भरलो आहोत हे पाण्याला अधिकृतपणे कळावं लागतं, त्यासाठी अमरसिंह येतात. (तेच आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माझी हजेरी, पगार आणि बीपी तिन्ही त्यांच्या हातात.) मी मागे फिरलो असतो, पण आई हलेना. तेवढ्यात त्यांचा उजवा हात रामकिसन आला, होडी बघितली आणि ओरडला, "साहेब, आपली बोट आली!"

'आपली' झाल्यावर मी कोण? नवं वाहन पूजेशिवाय हलवायचं नाही, मग ते गुडघ्याएवढं का असेना. साहेबांच्या मंडळी वनमालाबाईंनी पाण्याची ओटी भरली आणि त्याच ताटातलं कुंकू होडीला लावलं. डोलकाठीला झेंडूचा हार आला, शेंड्याला लिंबू-मिरची, त्याच्यावर साहेबांच्या फोटोचा झेंडा आणि पुढच्या टोकावर अर्धा नारळ. वर ओझं झालं की ही कलंडते, असं मी सांगत राहिलो. रामकिसन म्हणाला, "मास्तर, देवाच्या नारळाचं कुठं वजन असतंय का?" आणि रिमोट साहेबांच्या हातात गेला.

थोडी गेली बिचारी. टाळ्या पडल्या. मग वाऱ्याची झुळूक आली, हार भिजला, आणि होडी साहेबांच्या फोटोसकट आडवी झाली. रामकिसन हळूच म्हणाला, "पूजेआधी पाण्याला कुणाकुणाचे हात लागले, काय ठावं." समाधान, आमच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे न बघण्याची फार काळजी घेत होते.

आई पुढे झाली. "कावून रे रामकिसन, हात इचारतो व्हय? ह्या भिंतीत म्या वाहिलेली माती हाय. आधी ती काढ, मंग पानी कुठं ऱ्हातंय ते दाव."

साहेबांनी घड्याळ बघितलं; पुढच्या गावचं पाणी खोळंबलं होतं. रामकिसनने एकाला पाण्यात उतरवून होडी काढली आणि साहेबांच्याच गाडीत टाकली. भिंत जिथल्या तिथे राहिली.

असो. तब्येतीला जप, छंद वगैरे लावून घेऊ नकोस. लेकरांना पापा.

तुझा,
विलास दाजी

ता. क. होडी आता साहेबांच्या बंगल्यावर काचेच्या कपाटात आहे. हायवेला फ्लेक्स लागला आहे: 'तालुक्यातील पहिल्या नौकानयन प्रकल्पाचे शिल्पकार'. फोटोत उजवीकडे जे कोपर दिसतं ते माझं.

ता. क. २. वर 'रिमोट साहेबांच्या हातात गेला' असं लिहिलं आहे. तो आपण होऊन गेला नव्हता. मी दिला. दोन्ही हातांनी, वाकून. आणि होडी आडवी झाल्यावर "चूक माझीच, साहेब" असं म्हणणाराही मीच. हे आईच्या बोलण्याच्या आधी झालं की नंतर, ते विचारू नकोस.

ता. क. ३. पत्र खरं यासाठी, की आईला दुसरी होडी पाहिजे. पांढऱ्या शिडाची, घेऊन तूच ये. रिमोट ती स्वतः धरणार आहे. मी शिकवतो म्हणालो, तर त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलली: "तू नगं. तुझ्याकून शिकलं तर होडी नीट बंगल्यावर जाती."