आईच्या कळशीवरचं नाव

तीर्थरूप तात्याबामामांस, केंदूरहून भाचा हनुमंत याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमचे गुडघे काय म्हणतात? तिकडे राहूत ऊस तुटला का?

मामा, आई आता घर ओळखत नाही. रोज स्वयंपाकघरात एकेक भांडं उलटंसुलटं करून नाव शोधते आणि म्हणते, "ह्यातलं एकबी माझं न्हाई. मला राहूला सोडा." तिच्या लग्नातल्या भांड्यांवरची नावं घासून घासून कधीच गेली. पाहवत नाही हो. म्हणून ठरवलं, तिच्या तांब्याच्या कळशीवर नाव घालायचं, तेही आमच्या कारखान्यातल्या लेसरनं. (जे मशीन जाड पोलाद पापडासारखं कापतं, त्याला कळशी म्हणजे काय, अशी माझी समजूत.)

अनितानं (तुमच्या सूनबाईनं) चिंच-मीठ लावून कळशी अशी घासली, की तीत बघून भांग पाडावा. घात तिथंच झाला. लेसरचा तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण धातूनं पिऊन घेतला तरच धातू तापतो. पोलाद पितं. चकचकीत तांब्यातले इलेक्ट्रॉन मात्र बहुतेक उजेड आल्या पावली परत धाडतात. हे मला कारखान्यातल्या इंजिनियर नीलम मॅडमनी नीट समजावलं, म्हणजे मशीन जळल्यावर. नाव पुरं होता होता शेवटच्या अक्षरावरून उजेड जो उलटा फिरला, तो थेट मशीनच्या पोटात. काळी पडलेली कळशी असती तर एवढं झालं नसतं म्हणे. (नाव घालायचं भांडं कुणी न घासता नेतं का, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी दुरुस्तीचं बिल माझ्यापुढं सरकवलं.) सध्या मला घरी बसवलंय.

पण 'भामाबाई' उमटलं होतं. कळशी आईच्या मांडीवर ठेवली. तिनं अक्षरांवरून बराच वेळ बोट फिरवलं. मामींना नमस्कार.

आपला,
हनुमंत

ता. क. नोकरीचं मामींना सांगू नका, त्या अनिताला फोन करतील.

आणखी ता. क. बोट थांबवून आई म्हणाली, "कुण्या भामाबाईची हाय. चुकून आली आसंल, दिऊन ये." हे नाव आमच्या आबांनी लग्नात तांदळावर लिहून ठेवलेलं. मामा, तुमच्या घरी तिला काय म्हणायचे? चाळीस वर्षं आई म्हणतोय, हे विचारायचं राहूनच गेलं. पत्रानं कळवू नका. स्वतः या आणि तिला त्या नावानं हाक मारा. लवकर या, अजून ती हाकेला ओ देते.