खिंडसीचा रोहू

१८ नोव्हेंबर १९७३, रविवार

आजही हे रिकाम्या हातानेच आले. सकाळी सायकलने सक्करदऱ्याच्या तळ्यावर, जेवायच्या वेळेला परत. समोरच्या यमुताई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांचा दर रविवारचा प्रश्न ठरलेला — काय हो, आज तरी लागला का एखादा? यांचं उत्तरही ठरलेलं — नाही बुवा, कणीक तेवढी खाऊन जातात, हुशार झालेत. मग त्या हसतात, हे हसतात, मी पानं घेते.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. इतक्या रविवारांत बोटभर मासासुद्धा या माणसाच्या गळाला लागला नाही. ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी लाकडाचा रंगवलेला मासा भेट दिला — 'हा तरी घरी न्या' म्हणून! तो रेडिओवर ठेवला आहे. मुलाने, मुकुंदने, भिलाईहून येताना कुठूनशी रिळाची झकपक काठी आणि विलायती गळांचं पाकीट आणलं होतं. काठी यांनी महिन्याभरात कोणाला तरी देऊन टाकली. म्हणे, आपला बांबूच बरा.

खरा मासा आणला असता तर तो या घरात शिजला थोडाच असता म्हणा! सासूबाईंनी तेव्हाच नियम घालून दिला होता — काठी आणि गळाच्या सामानाचा पत्र्याचा डबा मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला. उंबऱ्याच्या आत यायचा नाही. आंघोळ केल्याशिवाय हेही आत यायचे नाहीत. मी डब्याला हात लावण्याचा तर प्रश्नच नव्हता. सासूबाई जाऊन दहा वर्षं होतील. डबा तिथेच आहे, आणि मी अजूनही त्याला शिवत नाही. सवय, दुसरं काय.

आज येताना हे मागच्या पायरीवर पडले. गुडघा सोलला. म्हणाले, पायरी दिसलीच नाही. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, दाखवून घ्या.

२० नोव्हेंबर

नंबर नाही. काचबिंदू.

गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले डॉक्टर. राहिलेली टिकवायला थेंब घालायचे, पण फार उशीर झाला आहे, काही महिने धरून चला. हे ऐकून यांनी एकच विचारलं — रविवारी तळ्यावर गेलं तर चालेल ना? डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर.

 येताना बर्डीच्या बाजारात रिक्षा थांबवून यांनी संत्री घेतली. एरवी रंग बघून घेतात, आज एकेक हाताने चाचपून घेतलं.

२१ नोव्हेंबर

वरणात मीठ विसरले. हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

२४ नोव्हेंबर

एक ठरवलं आहे. डोळे आहेत तोवर यांच्या गळाला एकदा मासा लागलेला यांनी बघितला पाहिजे. एकदाच. मला मासळीचा वाससुद्धा सोसत नाही, आणि मी इथे बसून मासा लागावा म्हणून देवाला सांगते आहे! देवही म्हणत असेल, या बाईचं काय बिनसलं?

दूधवाला मूळचा रामटेककडचा. तो म्हणतो, खिंडसीच्या तलावात मासा असा की नुसती चिंधी टाकली तरी ओढतो. यांना म्हटलं, येत्या नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी खिंडसीला जाऊ, मीही येते. चकितच झाले. मग म्हणाले, "इतक्या लांब कशाला? पाणी इथेही आहे."

पाणी आहे म्हणे! पाणी बघायला जातो का माणूस?

१ डिसेंबर

तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. दशम्या. लिंबाचं लोणचं. उद्या पहिल्या गाडीने निघायचं. यमुताईंना सांगितलं नाही. रिकामे आलो तर कोण ऐकून घेणार.

३ डिसेंबर, सोमवार

काल लिहायचं त्राण नव्हतं. आता दुपारी बसले आहे. हे झोपले आहेत.

रामटेकहून टांगा केला. तलाव मोठा, समोर डोंगर, काठाला लव्हाळी. यांनी जागा बघितली, म्हणजे मीच बघितली, आणि हे कणकेचा गोळा लावून बसले. दोरी लावताना माझ्याकडे पाठ. मी पळसाखाली सतरंजी टाकली. ऊन चढलं तरी दोरीचं पाण्यावर तरंगणारं बूच ढिम्म हललं नाही. दूधवाल्याला मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं.

मग एक डोंगा काठाला लागला. नवराबायको, तिथल्याच ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतली. त्याचं नाव गोविंदा, तिचं जिजाबाई, दोघं चाळिशीची. डोंग्यात शिंगाड्यांचा ढीग. मागे पाण्यात जाळीची पिशवी सोडलेली, तीत मासे जिवंत. जिजाबाई सरळ माझ्याजवळ येऊन बसली. ओळख ना पाळख. चूल मांडून शिंगाडे उकडले आणि पळसाच्या पानावर माझ्यापुढे ठेवले. मी जरा मागेपुढे करते आहे हे तिच्या लगेच लक्षात आलं. म्हणाली, "शिंगाडे तं उपासाले चालते, माय. मंग आमच्या हातचे काहून नाई चालन?"  खाल्ले. गोड होते. चार आणखी मागून घेतले.

तिने विचारलं, चेहरा असा काहून करून राह्यल्या? आणि मी सांगून बसले. घरच्या मुलाला अजून पत्रात कळवलं नाही ते या बाईला सांगितलं! डोळे जाणार, एकतीस वर्षांत मासा नाही, सगळं. तिने अरेरे केलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. उठली आणि गोविंदाजवळ जाऊन हळू आवाजात काही बोलली. तो यांच्यापाशी जाऊन बसला. पाणी, वारा, कुठला मासा कुठे असतो, अशा गप्पा. हे खुशीत. मग तो डोंगा बघून येतो म्हणून उठला.

मी बसले होते तिथून लव्हाळीमागचं दिसत होतं. गोविंदाने पिशवीतून एक मोठा रोहू काढला, छातीशी धरून पाण्यात उतरला आणि बुडी मारली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं! जिजाबाईने माझ्या हातावर हात ठेवला. गप राहा म्हणून.

पण तो लवकर वर येईना. मग यांच्या दोरीपासून थोड्या अंतरावर डोकं निघालं. काठाकडे बघतच राहिला — यांच्या तोंडाकडे. काय झालं कळेना. गळात बोट अडकलं की काय! मग त्याने कमरेला गुंडाळलेला जाळ्याचा निळा नायलॉनचा धागा दातांनी तोडला आणि पुन्हा खाली गेला. मी समजले, मासा निसटू नये म्हणून बांधतो आहे.

बूच गेलं! बांबू वाकला! हे उभे राहिले. मी ओरडले, ओढा, ओढा! एरवी मी रस्त्यात मोठ्याने हाकही मारत नाही. रोहू गवतावर येऊन पडला, तडफडायला लागला. हे गुडघ्यांवर बसले, तोंड अगदी त्याच्याजवळ नेलं आणि बघत राहिले. अंगावरून बोट फिरवलं. म्हणाले, "केवढा चमकतो गं!"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लिहायला हरकत नाही.

तेवढ्यात गोविंदा निथळत धावत आला. काटा लागेल हाताला, असं म्हणत आमच्याकडे पाठ करून त्याने मासा सोडवला. यांनी विचारलं, "पाण्यात उतरला होतास का?" तो म्हणाला, हो जी, डोंगा गवतात फसला होता. हे 'हं' म्हणाले.

मला वाटलं आता हे मासा पाण्यात सोडा म्हणतील. लागलाच तर सोडून देईन, असं इतकी वर्षं ऐकत आले आहे. पण म्हणाले, "हा तुम्ही न्या. तुमचाच आहे." गोविंदा नको नको म्हणाला. हे ऐकेनात. शेवटी जिजाबाईने घेतला, आज बाबूजींच्या नावाने शिजवते म्हणाली. तिचा तिलाच परत मिळाला, मला मनातून बरं वाटलं.

टांगा परत गेला होता. गोविंदाने कोणाची तरी बैलगाडी मागून आणली, आम्हाला थेट मोटारस्टँडपर्यंत सोडलं. यांचा हात धरून उतरवून घेतलं. निघताना मला बाजूला म्हणाला, "असा गळ टाकणारा माणूस म्या अजून पाह्यला नाई, माय." जरा अतीच झालं. पण खेड्यातली माणसं, मान द्यायचा म्हणजे भरभरून देतात. मी हसून नमस्कार केला.

गाडीत यांनी माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. असं पूर्वी कधी केलं नव्हतं. मासा लागल्याचा आनंद!

५ डिसेंबर

सगळ्या गल्लीला कळलं आहे. अर्थात माझ्याकडूनच. यमुताईंना दोन्ही हातांनी लांबी दाखवली. दाखवताना थोडी वाढली असेल. हे बाजूला बसून ऐकत होते, नुसते मान हलवतात. यमुताई म्हणाल्या, अहो, तुम्ही सांगा ना कसा ओढला. हे म्हणाले, "हिलाच विचारा. हिने जास्त बघितलं."

गोविंदाचं मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. माझ्या मनात राहील, माझ्याबरोबर जाईल. एवढं एक तरी गुपित असू दे माझ्याजवळ.

९ डिसेंबर, रविवार

हे सक्करदऱ्याला गेले. रिक्षाने. रिकामे आले. हुशार झालेत म्हणाले.

१४ जानेवारी १९७४

संक्रांत. उजवा डोळा गेला म्हणायला हरकत नाही. तिळगुळाची वाटी समोर धरली तर हात शेजारी गेला. मुकुंद आला आहे, रडला. यांनीच त्याची समजूत काढली.

रामटेकला जाणाऱ्या दूधवाल्याच्या भावाबरोबर जिजाबाईला तिळगूळ आणि एक खण पाठवला. तिच्याकडून शिंगाड्याचं पीठ आलं, पिशवी भरून. उपासाला झालं.

२ फेब्रुवारी

डाव्या डोळ्यानेही आता फक्त उजेड कळतो. लाकडी मासा रेडिओवरून काढून यांच्या उशाशी ठेवला. हातात घेतात, परत ठेवतात.

९ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सक्करदऱ्याला जाऊ म्हणतात. मी बरोबर. म्हणाले, डबा आता तूच काढ, दोरीचा गुंता मला सुटायचा नाही.

पहिल्यांदाच उघडला. बुचं. शिशाचे तुकडे. मुकुंदने आणलेलं गळांचं पाकीट — फोडलेलंच नाही. दुसरा गळ डब्यात एकही नाही. दोरी सोडवत टोकापर्यंत आले. टोकाला नुसती गाठ. तीत निळ्या नायलॉनचा तुकडा, दातांनी तोडलेला.

दोरीला गळ नव्हताच. कधीच नव्हता. हे पाणीच बघायला जात होते.

आधी राग आला. मग न्हाणीच्या पायरीवर बसून हसले, मग रडले. त्या दिवशी गोविंदाला पाण्याखाली कळलं. गळाशिवाय मासा लागल्याबरोबर यांना कळलं. न कळलेली मी एकटी, आणि तिघांनी मिळून मला कळू दिलं नाही.

खाटेवरून हाक आली — "सापडलं का सगळं?"

"हो," म्हटलं, "सगळं आहे."

पाकीट होतं तसंच ठेवलं. डबा घरात आणला, लाकडी माशाशेजारी. आता कणीक भिजवते.