तुझा फ्लॅश सुखरूप आहे

दिग्रस,
१४ डिसेंबर २००६

चिरंजीव सलील यास यज्ञेश्वरकाकाचे आशीर्वाद.

आम्ही दोघंही इकडे मजेत आहोत. माझी शुगर जिथे होती तिथेच बसून आहे, तुझ्या काकूचे गुडघे मात्र बरेच सुधारले आहेत (कशाने, ते पुढे येईलच). तू कसा आहेस? अंदमानात थंडी पडत नाही असं ऐकतो, तरी पाण्यातून निघालास की कान नीट कोरडे करत जा, असं काकूने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. तुझं पत्र मिळालं. नवा फ्लॅश बिघडल्यामुळे माझ्याकडे ठेवलेला जुना फ्लॅश जानेवारीच्या आत पार्सलने पाठवावा, हा मजकूर समजला. तुझा फ्लॅश सुखरूप आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, आणि मग सावकाश पुढे जा.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू जुना कॅमेरा, त्याची पाणबंद पेटी आणि हा फ्लॅश माझ्या स्वाधीन केलास, तेव्हा सोबत दोन पानी सूचनाही दिल्या होत्यास. तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात घालवलेल्या माणसाला लेखी सूचना म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. मी त्या फाईलला लावल्या, क्रमांक टाकले, आणि दर संकष्टीला (म्हणजे विसरायला नको) अंमलबजावणी केली. चार सेल घालायचे, दहा वेळा उजेड पाडायचा, सेल काढायचे. मग झाकणाची रबरी कडी बोटानं अलगद काढायची, पुसायची, ट्यूबमधलं ग्रीस ज्वारीच्या दाण्याएवढं घेऊन तिला लावायचं आणि कडी परत बसवायची. वर्षभरात एक संकष्टी चुकली नाही. समोरच्या घरातल्या समीक्षाच्या आईने एकदा येऊन विचारलं की काकाजी, तुमच्याकडे दर महिन्याला कोणाचे फोटो काढतात. तुझी काकू मात्र म्हणाली, की सव्वाशे वेळा हा दिवा लावलात, आणि ज्या पाण्यासाठी तो केला त्याचा एक पेलासुद्धा त्याला दाखवला नाहीत. मी म्हटलं, यालाच देखभाल म्हणतात.

तेवढ्यात मारेगावहून सदाशिवरावांचा फोन आला. सदाशिवराव म्हणजे काकूचे धाकटे भाऊ, हे तुला माहीत आहेच. तुझ्या मुंजीत ज्यांनी अकरा लाडू खाल्ले ते. त्यांच्या शेतातल्या विहिरीवरची मोटर, खालचा कठडा खचून, थेट तळाशी गेली होती. मोटरीचा विमा होता (हे ऐकून मला सदाशिवरावांबद्दल प्रथमच आदर वाटला), पण विमावाल्यांचा सर्वेअर म्हणाला की मोटर हलवण्याआधी ती जिथे पडली तिथला, नंबर दिसेल असा फोटो पाहिजे. तोवर हात लावायचा नाही. एक जुना हेडक्लार्क म्हणून मला हा नियम मनापासून आवडला, पण तसं फोनवर बोललो नाही. कारण तूर फुलावर आली होती, आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर सगळा फुलोरा गळून जाणार होता, आणि विहिरीत दोन पुरुष पाणी असून ते वर आणायला काही नव्हतं. सदाशिवराव म्हणाले, "भाऊजी, तुमी पाण्याच्या खात्यातले. काही तरी सांगा." मी काही सांगायच्या आत काकूने रिसिव्हर घेतला आणि म्हणाली, आमच्याकडे पाण्यातला दिवा आहे, उद्याच्या गाडीनं आणते.

तुझी सूचना क्रमांक एक, 'फ्लॅश कोणालाही देऊ नये', मी मोडलेली नाही. मी स्वतः सोबत गेलो. दिग्रस ते यवतमाळ आणि यवतमाळ ते मारेगाव अशा दोन एस्ट्या बदलल्या, आणि फ्लॅश पूर्ण वेळ माझ्या मांडीवर जेवणाच्या डब्यात होता (कॅमेऱ्याची पेटी आणि जेवण काकूच्या मांडीवर).

आता खरी अडचण ऐक. तुझी सूचना क्रमांक चार सांगते की झाकण लावताना रबरी कडीवर केस, धूळ किंवा कसलाही तंतू राहता कामा नये, एका तंतूनेही पाणी आत शिरतं. आणि सदाशिवरावांनी यंदाचा सगळा कापूस भाव चढेल म्हणून घरात भरून ठेवला आहे. भाव काही चढत नाही, कापूस मात्र आढ्याला टेकला आहे. पुढच्या खोलीत टीव्हीचा फक्त वरचा अर्धा भाग दिसतो, त्यामुळे बातम्या सांगणाऱ्या बाईची हनुवटी आम्ही आठ दिवस पाहिली नाही. झोपायचं कापसावर, सकाळी उठलं की मिशीत कापूस, चहात कापूस. अशा घरात मी तंतू नसलेली जागा मागितली, तेव्हा सदाशिवरावांच्या पत्नी इंदूबाईंनी देवघराकडे बोट दाखवलं. देवघरात गेलो तर तिथे वातींचा ढीग. गावातल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांची खोली आरशासारखी स्वच्छ, पण टेबलावर बरणी होती आणि बरणीत कापसाचे बोळे. ज्याला भाव नाही तो माल इतक्या ठिकाणी असू शकतो, हे मी प्रथमच पाहिलं.

शेवटी काकूने तोड काढली. अंगणात खाट उभी करून तिच्याभोवती तिने आपली नायलॉनची साडी ओली करून लावली, म्हणजे उडता तंतू ओल्याला चिकटेल आणि आत येणार नाही. (एवढा कापूस पिकवणाऱ्या घरात सगळे टेरीकॉट आणि नायलॉन नेसतात, हेही त्या दिवशी आमच्या कामी आलं.) त्या तंबूत मी सदरा काढून, हात धुऊन बसलो. सेल घातले, कडी पुसली, ग्रीस लावलं, झाकण फिरवून घट्ट केलं आणि तीन वेळा तपासलं. काम चोख झालं म्हणून समाधानाने उठलो, तर माझ्याबरोबर फ्लॅशही उठला. माझं जानवं झाकणात अडकलं होतं. घरभर शोधलेला सुताचा धागा मी स्वतःच गळ्यात घालून आत नेला होता. इंदूबाई हसून हसून खाली बसल्या. मग झाकण परत उघडलं, जानवं सोडवलं, कडी पुन्हा पुसली.

फोटो काढायला खेमसिंग उतरला. विहिरींचा गाळ काढण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कोणी नाही, पण कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही सांभाळताना त्याने पाय फार मारले, गाळ उठला, आणि प्रत्येक फोटोत नुसते पांढरे ठिपकेच ठिपके आले. सर्वेअरने ते फोटो कॅमेऱ्यावर बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "ही विहीर हाये का कापसाची जिनिंग?" सदाशिवरावांचा चेहरा पाहवेना. आठातले चार दिवस गेले होते.

रात्री काकूने तुझी दोन पानं मागून घेतली आणि सूचना क्रमांक नऊ मोठ्याने वाचली. (मी ती कधी वाचली नव्हती, कारण ती 'पाण्यात असताना' या मथळ्याखाली होती.) फ्लॅश लेन्सच्या जवळ ठेवू नये, दांडा लांब करावा, तोंड किंचित बाहेर वळवावं, म्हणजे मधल्या गाळावर उजेड पडत नाही. ती म्हणाली, सकाळपर्यंत गाळ बसेल, मी उतरते. मला वाटलं थट्टा आहे. सदाशिवराव म्हणाले, "ताई, तू कायले उतरतं? गुडघे हायेत का जागेवर?" त्यावर काकू, माहेरी आली की बोलते तशी, म्हणाली, "पायऱ्यायवर दुखते ते. पाण्यात कुठी पायऱ्या हायेत?"

सकाळी साडीचा काष्टा मारून, कमरेला दोर बांधून ती उतरली. दोराचं टोक खेमसिंग आणि सदाशिवराव यांच्या हातात होतं, मी काठावर बसून होतो. तिने श्वास घेतला आणि आवाज न करता आत गेली. पाणी हललंसुद्धा नाही. मग खोल तळाशी एकदा हिरवा उजेड पडला, थांबून आणखी एकदा पडला. सलील, एकतीस वर्षं आमचा संसार झाला. तालुक्यातल्या विहिरींची खोली मी तोंडपाठ सांगेन, पण आपल्या बायकोला पोहता येतं का, हे मी कधी विचारलं नाही. ती याच विहिरीत शिकली, सोळाव्या वर्षापर्यंत रोज पोहली, आणि लग्न होऊन दिग्रसला आली ती बादलीवर. वर आली तेव्हा ती हसत होती, तसं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला आणि तितकीच लाजही वाटली.

फोटो असा आला की मोटरीचा नंबर तर दिसतोच, वर बसलेल्या कासवाचा डोळाही दिसतो. कासवाबद्दल सर्वेअरने लेखी खुलासा मागितला. 'सदर कासव विमा उतरवलेल्या मालमत्तेत समाविष्ट नाही' हा मजकूर मी जागेवर लिहून दिला आणि सदाशिवरावांची सही घेतली. त्याच दुपारी मोटर वर निघाली, तिसऱ्या दिवशी तुरीला पाणी मिळालं, फुलोरा टिकला. आम्ही मात्र आणखी चार दिवस राहिलो, कारण काकू रोज सकाळी फ्लॅश घेऊन उतरत होती. आता आमच्याकडे चौसष्ट फोटो आहेत: कपारीतले नेचे, बेडूक, जुनी घागर, आणि एकात तिचे स्वतःचेच पाय.

पार्सलबद्दल म्हणशील तर सध्या पार्सलं फार आपटतात असं कानावर आहे. शिवाय संक्रांतीपर्यंत प्रवास बरा नाही. तेव्हा घाई करू नये असं मला वाटतं. काळजी घे. आभाला आणि लहान्याला आशीर्वाद.

तुझा,
यज्ञेश्वरकाका

ता. क. — फ्लॅश सुखरूप आहे असं वर लिहिलं ते खरंच आहे. फक्त जानव्याचा एक तंतू कडीवर राहिला असावा, कारण पहिल्या दिवशी सेलच्या कप्प्यात चार थेंब पाणी मिळालं. काकूने तो उपडा धरून उघडला, पुसला, आणि रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला. गोडं पाणी म्हणून निभावलं. आता बरा आहे.

ता. क. २ — एक गोष्ट विचारायची होती. पण राहू दे, भेटीत बोलू.

(खालचं कुंदाकाकूच्या हातचं आहे.)

सलील, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. पहिल्या दिवशी खेमसिंग उतरला नव्हता, तुझे काका उतरले होते. खेमसिंगनं दोर धरला होता, आणि "काकाजी, पाय कायले मारून राह्यले," असं तो वरून सारखा ओरडत होता. यांना पोहता येत नाही, तरी माझ्या भावाची तूर जाईल म्हणून उतरले. तेवढं लिहायला लाजले.

जे विचारायचं राहू दिलं ते मी सांगते. फ्लॅश मला हवा आहे. सहाव्या वर्षापासून मी त्या विहिरीत उतरत होते, पण खाली काळोख असायचा. तळ मला फक्त पायांना ठाऊक होता. तो मी या महिन्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

तू नवा घे. हा मी देत नाही.