बसल्या जागी अठ्ठ्याण्णव

३ जून
नऊ मजल्यांची इमारत, लिफ्ट बंद. आमच्या धंद्याची हीच तर गंमत आहे. लिफ्ट जिथे चालत नाही तिथेच लिफ्टवाल्याला बोलावतात, आणि मशीन रूम असते गच्चीवर. सहाव्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझा जोडीदार (सगळे त्याला पाना म्हणतात) म्हणाला की तुझे ओठ निळे पडलेत. जिन्यातली ट्यूबलाइट हलकी असेल, मी सांगितलं. वीसेक वर्षं जिने चढतोय, मला शिकवतो!
संकल्प: उद्यापासून नाश्ता हलका.

४ जून
ही औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. तिथून बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर घेऊन आली. खुर्चीत बसून लावलं. ९८. मी हिच्याकडे जेत्यासारखं पाहिलं. ही म्हणाली, आता खाली जाऊन वर या. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आलो. ८६.
यंत्र स्वस्तातलं दिसतंय.

५ जून
यंत्राची शास्त्रशुद्ध तपासणी. सासूबाई भाजीची पिशवी घेऊन त्याच जिन्यानं वर आल्या. वय शहात्तर. दारातच बोट धरलं. ९७. यंत्र माहेरच्या बाजूचं आहे हे सिद्ध झालं. त्या म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. धाप लागली नव्हती, त्यामुळे पुढेही बरंच म्हणाल्या.

११ जून
घरच्यांच्या समाधानासाठी डॉक्टर. छातीचा एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी, रक्त, सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, बसल्यावर ऑक्सिजन ठीक आहे, श्रम केले की उतरतो, कारण सापडत नाही. चालायला लावून टेस्ट करू, मग पुढचं बघू.
मी त्यातलं कामाचं तेवढं घेतलं: सापडत नाही. आमच्याकडे दोष सापडला नाही की ग्राहकाची सही घेऊन निघायचं असतं. टेस्ट पुढे ढकलली. घरी आल्यावर ही म्हणाली, गाढवापुढे वाचली गीता. गीता कोणी वाचली ते कळलं नाही.
खरी काळजी वेगळीच आहे. अठराला ऑफिसचं मेडिकल. नापास झालो तर तक्रारींच्या फोनवर बसवणार. ज्या हातांनी मशीन उघडली त्या हातांनी रिसीव्हर धरायचा आणि लोकांना जरा थांबा म्हणायचं! ते होणे नाही.

१४ जून
नवी पद्धत शोधली. प्रत्येक मजल्यावर थांबून इन्स्पेक्शन. दरवाजा पाहायचा, भिंतीवर दोन टिचक्या मारायच्या, मान हलवायची, तोवर श्वास जागेवर येतो. एक काका म्हणाले, इतक्या बारकाईनं काम करणारी माणसं आता राहिली नाहीत. पाना म्हणाला, जिन्याची भिंत कुठे खाली-वर होते?
कुत्सित माणूस.

१८ जून
पास! तासभर आधी जाऊन बाकावर शांत बसलो. ऑफिसच्या डॉक्टरांनी बसल्या जागी बोटाला यंत्र लावलं. ९८. शिक्का बसला. सुंठीवाचून खोकला गेला.
हिला सांगितलं. हिनं ताट वाढलं. मी म्हटलं, अभिनंदन तरी कर. म्हणाली, अहो, तुम्ही जिने खुर्चीत बसून चढणार आहात का?
उत्तर लगेच सुचलं नाही. उद्या सुचेल.

१९ जून
सुचलं नाही.

२३ जून
पाना रजेवर. अकरा मजल्यांची इमारत, लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकलेली, आत एक बाई एकटी. काम सोपं. गच्चीवर जायचं, ब्रेक सोडायचा, हातानं चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची. फक्त गच्चीवर जायचं. जाता जाता तिला दाराबाहेरून सांगितलं, दोनच मिनिटं, ताई.
इन्स्पेक्शनला वेळ नव्हता म्हणून सरळ चढलो. सहाव्या मजल्याच्या आधीच पाय गेले. पायरीवर बसलो, खिशातलं यंत्र बोटाला लावलं. ७८. खालून ती विचारत होती, अहो, आहात ना? आहे म्हणायला श्वास नव्हता. मग ती दार बडवायला लागली.
तिच्यासाठी घाबरलो असं लिहिणार होतो. खोटं कशाला? स्वतःसाठी घाबरलो.
पानाला फोन लावला. नुसती धाप ऐकून तो समजला. घरच्या चपलांवर आला, माझ्या बाजूनं धावत वर गेला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.
लिफ्ट पाचव्यावर आली. बाई घामानं निथळत बाहेर पडली आणि मला चार शब्द सुनवायला जिना चढून आली. मला पाहिलं आणि विसरली. माझी हत्यारांची पिशवी उचलली, पानानं वरून लिफ्ट चालू केल्यावर दंडाला धरून मला त्याच लिफ्टमध्ये बसवलं, तळमजल्याचं बटण दाबलं. ती स्वतः काही आत आली नाही, पिशवी घेऊन जिन्यानं उतरली.

२६ जून
चालण्याची टेस्ट. लांब पॅसेज, बोटाला यंत्र, शेजारी डॉक्टर. मध्येच भिंतीचा रंग पाहायला थांबलो. मागून ही म्हणाली, पुढे. पुढे गेलो. ८१ ला डॉक्टरांनीच थांबवलं. म्हणाले, कारण अजून सापडत नाही, मोठ्या तपासण्या करू. तोपर्यंत जिने बंद. घरी जाताना चढायचं ते बसत बसत आणि बरोबर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर.
सापडत नाही हे शब्द आज पूर्ण ऐकू आले.
बाहेर पडल्यावर हिला म्हटलं, मला भीती वाटते. ही म्हणाली, मलाही. आणि भर रस्त्यात हात धरला. एरवी माझ्यापुढे चार पावलं असते, आज माझ्या चालीनं चालली.
संध्याकाळी साहेबांचा फोन. पानानं सगळं सांगितलेलं. सोमवारपासून तुम्ही तक्रारींच्या फोनवर. मी बरं म्हटलं. वाद घालायला जोर नव्हता आणि मुद्दाही नव्हता. एवढंच विचारलं, साहेब, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, आपली लिफ्ट चालू झाली का?
साहेब म्हणाले, कशी होणार? दोन महिने ते काम तुमच्याकडेच पडलंय.