शिलोहाचा बुरूज

नागपूर,
४ सप्टेंबर १९७४

प्रिय तारास,

मोठ्या भावाचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. श्रावणरावांनाही सलाम सांग.

आम्ही ठीक आहोत. तुझ्या प्रेमिलावहिनीचे गुडघे दुखतात, तेवढंच. यंदा इकडे पाऊस फार झाला. तुमच्या कुहीकडे धान चांगलं असेल. सात वर्षांत हे माझं पहिलं पत्र. न फोडता चुलीत घातलंस तरी माझी तक्रार नाही. पण फोडलंस तर शेवटपर्यंत वाच.

चर्चमध्ये झाडलोट करणारी रुखमाबाई तुला आठवत असेल. गेल्या महिन्यात पावसानं तिच्या घराची भिंत पडली आणि तिची लेक सुभद्रा ढिगाऱ्याखाली सापडून गेली. मूठमाती देऊन आम्ही परतलो, तेव्हा रुखमाबाई माझ्यासमोर येऊन बसली.

"पाद्रीसाहेब, माह्या कोन्त्या पापाची सजा हाये ही?"

मी प्रार्थनेसाठी हात जोडले.

"सांगा ना. दावीद राजाचं लेकरू बापाच्या पापानं मेलं, हे तुमीच सांगतलं होतं. ताराबाईची पोरगी गेली तवा."

मंजू गेल्यानंतरचं माझं ते प्रवचन या बाईनं सात वर्षं मनात ठेवलं होतं. तू तर त्या रविवारी मागच्या बाकावरून उठून गेलीस. मी नाव घेतलं नव्हतं, पण श्रावणरावांसारख्या बौद्धाशी लग्न केलेली तिथे एकटी तूच होतीस.

घरी येऊन शुभवर्तमान उघडलं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तो भाग. ती इतरांहून जास्त पापी होती काय, असं प्रभू विचारतो, आणि नाही म्हणून तोच सांगतो. मग समोर उभ्या असलेल्यांना म्हणतो, पश्चात्ताप करा. हा भाग मी कितीदा शिकवला, आणि दर वेळी लोकांना धाक घालायलाच. मेलेल्यांच्या पापांची चौकशी करणाऱ्याला तो हे बोलतो आहे, म्हणजे मला, हे या वेळी पहिल्यांदा दिसलं.

मग दाविदाच्या लेकराचं काय, असं तू विचारशील. ते लिहिलेलं आहे, मला खोडता येत नाही. पण तो निवाडा देवानं पाठवलेल्या संदेष्ट्यानं राजाच्या तोंडावर सांगितला. मला कोणी पाठवलं नव्हतं. आणि दावीद त्या लेकरासाठी सात दिवस उपाशी जमिनीवर पडून होता, हे मी तेव्हा वगळलं. मुद्दाम वगळलं.

तारा, तुझी चिठ्ठी मला मिळाली होती.

त्या शनिवारी दुपारी दोन वाजता तुझ्या शेजारच्या कांताबाईंनी ती माझ्या हातात दिली. मंजूचा गळा सुजलाय, श्वास घेता येत नाही, हे गावाला गेलेत, मिशनच्या डॉक्टरांना घेऊन ये दादा. मी वाचली. लग्नाच्या वेळी दादाचं ऐकलं नाही, आता दादा आठवला, असं मनात आलं. हातातलं प्रवचन लिहून पुरं करून निघू म्हटलं. सक्करदऱ्याला तुमच्या तेव्हाच्या घरी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते.

चिठ्ठी मिळालीच नाही, असं मी तुला सांगितलं. कांताबाई रडून सांगत होत्या, हातात दिली म्हणून. पाद्री खोटं बोलणार नाही, म्हणून तू त्यांना खोटं ठरवलंस. आणि देवानं शिक्षा केली असं मी म्हटल्यावर, मी काय केलं हे कोणी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मिशनच्या डॉक्टरांना भेटलो. दोन वाजता आणली असती तर? ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. पण घटसर्पाची बरीच मुलं वाचतात."

कांताबाईंकडेही गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"मले काहून सांगता? जिचं लेकरू गेलं तिले सांगा. अन् ज्याइच्यापुढं मले लबाड केलं, त्याइले सांगा."

चर्चच्या मंडळीला रविवारी हे सगळं सांगितलं, त्याच व्यासपीठावरून. काही जण मध्येच उठून गेले. प्रेमिलालाही तेव्हाच कळलं; ती आता कामापुरतंच बोलते. रुखमाबाई शेवटपर्यंत बसून होती. मग जवळ येऊन म्हणाली, "म्हंजे माही सुभद्रा भिंत पडली म्हणून मेली." मी हो म्हणालो. तेव्हा ती रडली. पाळकपणाचा राजीनामा मी दिला आहे.

तुला काही मागायचा हक्क मला नाही. कांताबाईंना मात्र एकदा भेट.

मंजू तुझ्या पापामुळे गेली नाही. हे मला त्या रविवारीही ठाऊक होतं.

वेळेवर न आलेला,
तुझा भाऊ
मधुकर