आईचे बूट

शनिवार, संध्याकाळ

ड्राइव्ह करून पाठ दुखतेय, पण डोक्यातून आईचे बूट जात नाहीयेत.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचं घर बघायला आज आम्ही तिघी व्हर्जिनियात गेलो. बंगला आईने बूट घालूनच पाहिला. गाइड त्यांच्या पुस्तकांबद्दल सांगत होता आणि ही मला हळूच विचारत होती, "इथे पाणी कोण भरायचं गं?"

मागे त्यांच्या गुलामांची एक खोली पुन्हा उभारलीय. तिच्या दाराशी आई थांबली. "लेस सोड." तिचे गुडघे वाकत नाहीत, बूट मीच बांधते, मीच काढते. म्हटलं, अगं, इथे कोणी काढत नाही, जमीन गार आहे. "सोड तू."

मोज्यांवर आत गेली. रिकाम्या खोलीला हात जोडून म्हणाली, "जय भीम."

मी बूट हातात धरून दारातच. जय भीमला उत्तर द्यायचं असतं. तिथे देणारं कोण होतं?

माझी लेक मैत्रेयी, जी आजीशीसुद्धा इंग्लिशमध्येच बोलते, स्वतःचे बूट काढून आत गेली. चुलीपाशी आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "जय भीम, आजी."