डिपची पट्टी आणि तुझी घंटा

प्रिय धाकट्या,

फोनवर बोलले असते तर पहिल्याच वाक्याला तू हसला असतास आणि दुसऱ्याला मी भांडले असते, म्हणून लिहितेय.

वीस वर्षं मी आपल्या पेट्रोल पंपावर रोज दोनदा डिपची पट्टी टाकते. पंप बंद करताना आणि सकाळी उघडायच्या आधी. लांब पितळी पट्टी जमिनीखालच्या टाकीत सोडायची, तळाला टेकली की सरळ वर ओढायची आणि ओली खूण कुठवर आली ते वाचायचं. मधे विक्री नसते, म्हणून दोन्ही खुणा सारख्याच यायला हव्यात. सकाळची खाली आली, तर टाकी गळतेय. वीस वर्षांत माझी एक खूण चुकली नाही, आणि बाबांनी एकदाही छान म्हटलं नाही. तू वर्षातून चार दिवस यायचास, आणि ते चार दिवस बाबा तुझ्या मागेपुढे. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

मग तू ते यंत्र बसवलंस. टाकीत दांडा, ऑफिसात पडदा, पातळी आपोआप उतरली की घंटा. टायरमध्ये हवा भरायला आलेल्या माणसालाही बाबा आत नेऊन तो पडदा दाखवायचे. "धाकट्याचं डोकं," म्हणायचे. मी बाहेर पट्टी पुसत उभी. स्पष्टच सांगते, जळफळाट व्हायचा माझा. त्या पडद्यावरची धूळ झटकायचं कामही शेवटी माझ्याच गळ्यात पडलं, आणि ते मी मुद्दाम विसरायचे.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी घंटा वाजली. बाबा गडबडले. मी पट्टी टाकली आणि सांगितलं, खूण जागच्या जागी आहे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी घंटेची वायर काढून टाकली आणि म्हणाले, "यंत्रं काय, येतील जातील. तुझ्या पट्टीला तोड नाही." धाकट्या, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. घंटेचा इशारा तुझ्या मोबाइलवरही जायचा; तू फोन करून टाकी तपासून घ्या म्हणालास, तर तो फोनही मीच घेतला आणि बाबांना सांगितलाच नाही.

पंपामागे रोपवाटिकावाल्या काकू आहेत ना, त्या काल तांब्यात विहिरीचं पाणी घेऊन आल्या. दोन वाफ्यांतली रोपं पिवळी पडलीत, पाण्याला वास येतो, बघ म्हणाल्या. मी वास घेतला. टँकर येतात-जातात, हवेतच असतो तो, असं मी म्हणाले. "तू रोज मोजतेस ना, मग गळत नसणार," काकू म्हणाल्या आणि तांब्या उचलून गेल्या. संध्याकाळी त्या तेच पाणी उरलेल्या रोपांना घालत होत्या.

ते मात्र मला बघवलं नाही. मी धावत जाऊन त्यांचा पाण्याचा पंप बंद केला, विहिरीचं पाणी तोंडालाही लावू नका म्हणून सांगितलं. ते पाणी बाबांनाही हुंगायला दिलं. आज सकाळपासून आपली विक्री बंद आहे. टाकी रिकामी करायला माणसं आलीत. टाकी गळते हे बाबा तुला फोनवर सांगतीलच. पट्टीला गळती कळली नाही, यंत्राला कळली, असंही सांगतील, कारण त्यांना तसंच वाटतंय. ते खरं नाही. पट्टीला पहिल्याच दिवशी कळली होती. खूण दोन बोटं उतरली होती. तुझं यंत्र आणि माझी पट्टी रोज एकच सांगत होती, खोटं फक्त मी बोलत होते. बाबांसमोर उभं राहून हे बोलायला गेले, पण चहाचा कप ठेवून परत आले. म्हणून पाकीट न चिकटवता हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेवते आहे. वाचून झालं की तेच पोस्टात टाकतील. तुला मिळालं, तर समज त्यांनी वाचलंय. मग मात्र लगेच ये, घंटेची वायर तूच जोड.

तुझीच,
ताई